फुल-फेस रेस्पिरेटर मास्क: घालणं, तपासणं, धुणं, जपणं (आणि त्याच्यावर कुठे विसंबायचं नाही)

रंधा (धागाकर्ता)

लाकूडकाम, रंगकाम आणि दगडकामाच्या धाग्यांवर एक प्रश्न वारंवार येतो. धुळीचा साधा मास्क पुरेना, अर्ध्या चेहऱ्याचा घातला तर डोळे चुरचुरतात, मग पूर्ण चेहऱ्याचा घेऊ का? उत्तरादाखल दोनचार मॉडेलची नावं येतात आणि चर्चा तिथेच थांबते. मी कामगारांना श्वसनसंरक्षणाचं प्रशिक्षण देतो. माझ्या मते कोणता मास्क घेतला यापेक्षा तो चेहऱ्यावर कसा बसला आहे, त्याचे व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) कुठल्या अवस्थेत आहेत आणि कार्ट्रिज (वायू-वाफा शोषणारा बदलता डबा) कधी बदललं यावर सगळं अवलंबून असतं. चांगला मास्क घेऊन या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष केलं, तर माणूस उलट जास्त धोक्यात जातो, कारण आता आपल्याला काही होणार नाही असं समजून तो धुरळ्यात जास्त वेळ थांबतो.

मुळात हा मास्क काम कसा करतो ते पाहू. आपण श्वास आत घेतो तेव्हा मास्कच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि त्या फरकामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते. फिल्टरमधून यायचं तर हवेला अडथळा पार करावा लागतो, फटीतून यायचं तर काहीच अडथळा नाही. त्यामुळे कानशिलाजवळ किंवा हनुवटीखाली बारीकशी जरी फट राहिली, तरी प्रत्येक श्वासाला तिथून गाळलेली नव्हे तर बाहेरची तशीच हवा आत येते. फिल्टर कितीही भारी असला तरी या फटीपुढे त्याचं काही चालत नाही.

अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला १० आणि फुल-फेसला ५० असा संरक्षण गुणांक दिलेला आहे. ५० म्हणजे बाहेरच्या हवेत जेवढं घातक द्रव्य आहे त्याच्या पन्नासाव्या भागाहून जास्त आत येऊ नये. ब्रिटनमध्ये पी३ (युरोपीय पद्धतीतला धुळीचा सर्वांत वरचा दर्जा) फिल्टर लावलेल्या याच दोन प्रकारांना अनुक्रमे २० आणि ४० धरतात. दोन्हीकडे अट एकच: मास्क त्या माणसाच्या चेहऱ्यावर फिट टेस्ट (तो मास्क त्या चेहऱ्याला चालतो का याची चाचणी) करून बसवलेला हवा, आणि तो घालणाऱ्याला नीट घालता यायला हवा. खोक्यावरचा आकडा खोक्यातून काढलेल्या कुठल्याही मास्कला आपोआप लागू होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. नेहमीच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा ऑक्सिजनची कमतरता असलेली मानतात आणि तिथे फिल्टरचा कुठलाही मास्क चालत नाही. टाकी, मॅनहोल, गटार, खोल विहीर, बंद तळघर, धान्याचं कोठार अशा जागी फुल-फेस घालून उतरणं म्हणजे मृत्यूच्या तोंडात जाणं. तिथे स्वतंत्र हवेचा पुरवठा लागतो, हवा मोजायचं उपकरण लागतं आणि बाहेर थांबणारा प्रशिक्षित माणूस लागतो. आगीच्या धुरातही हा मास्क घालून जायचं नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि नेहमीची कार्ट्रिजं तो अडवत नाहीत. हवेत कोणता वायू आहे किंवा किती आहे हेच माहीत नसेल, तर तिथेही नाही.

घालण्याची पद्धत: आधी सगळे पट्टे सैल करा. हनुवटी आधी आत बसवा, मग मास्क वर घेऊन चेहऱ्याला लावा आणि पट्टे डोक्यावरून मागे न्या. कपाळावर कडेखाली केस अडकलेत का ते बोट फिरवून बघा, एक बट अडकली तरी हवा गळते. मग मानेकडचे खालचे दोन पट्टे एकाच वेळी, सारख्या जोराने, सरळ मागच्या दिशेला ओढा, त्यानंतर वरचे. काही मास्कच्या पुस्तिकेत क्रम वेगळा असतो, तिथे पुस्तिकेचंच ऐका. पट्टे करकचून आवळू नका. फार आवळलं की रबराची कड मुडपते आणि जिथे नव्हती तिथे फट तयार होते. जरा वेळाने कपाळही दुखायला लागतं, मग माणूस कामाच्या मध्येच मास्क उचलतो.

त्यानंतर सील तपासायचं, दरवेळी, पाच मिनिटांच्या कामासाठीसुद्धा. हवा आत येण्याच्या जागा तळव्यांनी बंद करा, हळू श्वास आत ओढा आणि साधारण १० सेकंद धरून ठेवा. मास्क चेहऱ्याकडे किंचित ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. मग उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवून हलकेच श्वास सोडा. मास्क थोडा फुगला आणि कडेने कुठेही हवेची झुळूक लागली नाही तर ठीक. लागली तर मास्क हलवून नीट बसवा आणि पुन्हा तपासा. तरीही गळत असेल तर त्या मास्कने काम करायचं नाही.

शंका विचारा, माहीत आहे ते सांगेन.

अबोली

वाचनखूण साठवली. मला चष्मा आहे, त्याशिवाय जवळचं दिसत नाही. मास्क चष्म्यावरून घातला तर काडीच्या जागी फट राहते हे लक्षात येतंय. काय करावं?

रंधा

@अबोली, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. काडी कानशिलावर कडेखालून जाते आणि तिच्या वर-खाली दोन्हीकडे फट राहते. काडीची जाडी कितीही कमी असली तरी चालत नाही. उपाय म्हणजे मास्कच्या आत बसणारी बिनकाड्यांची चष्म्याची चौकट. बऱ्याच कंपन्या आपापल्या मास्कसाठी ती वेगळी विकतात. त्यात तुमच्या नंबरच्या काचा बसवून घ्यायच्या. फिट टेस्टही ती चौकट लावूनच करायची. कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. पूर्वी ओशाच्या नियमात त्यांना मनाई होती, १९९८ च्या सुधारित नियमात ती काढली. तुम्हाला लेन्सची सवय असेल तरच त्या घाला, कारण डोळ्यात काही गेलं तर मास्क तिथल्या तिथे काढता येणार नाही.

भटका_सुतार

माहितीपूर्ण धागा. दाढी असेल तर मास्क बसत नाही हे ऐकून आहे. पण दोनतीन दिवसांची खुंटं? रबर मऊ असतं, दाबून बसत असेल की.

रंधा

@भटका_सुतार, नाही बसत. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. फुप्फुसाच्या खोल भागात जाऊन रुतणारी धूळ ४-५ मायक्रॉनहूनही बारीक असते. म्हणजे केसाने कड जेवढी उचलली जाते तेवढ्या फटीतून असे कण सहज आत येतात. खुंटं तर ताठ असतात, ती रबराला उचलून धरतात. कामाच्या दिवशी सकाळी दाढी केलेली हवी. कडेच्या पूर्णपणे आत मावणारी छोटी मिशी चालते, व्हॉल्व्हला लागत नसेल तर.

दाढी काढायची नसेल, मग कारण काहीही असो, तर बॅटरीवर चालणारा पंखा आणि सैल हूड असलेला प्रकार मिळतो. त्यात गाळलेली हवा सतत आत ढकलली जाते, त्यामुळे चेहऱ्याला घट्ट चिकटण्याची गरज नसते. महाग असतो, पण दाढीवर घट्ट मास्क घालून दगड कापण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

वातकुक्कुट

छान लिहिलंय. मी फवारणीने रंग मारण्याचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून कार्ट्रिजच्या रंगांबद्दल थोडी भर घालतो. ऑनलाइन मागवताना इथे फार गोंधळ होतो.

रंगांच्या दोन पद्धती चालतात. अमेरिकन निऑश (रेस्पिरेटरना मान्यता देणारी तिथली संस्था) पद्धतीत सेंद्रिय (थिनरसारख्या) वाफांसाठी काळा, आम्ल वायूंसाठी पांढरा, दोन्हींसाठी मिळून पिवळा, अमोनियासाठी हिरवा आणि पी१०० धूळ-फिल्टरला किरमिजी. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफांसाठी तपकिरी 'ए', क्लोरिनसारख्या असेंद्रिय वायूंसाठी करडा 'बी', सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्ल वायूंसाठी पिवळा 'ई', अमोनियासाठी हिरवा 'के' आणि कणांसाठी पांढरा 'पी'. आता पांढरा पट्टा बघा: एका पद्धतीत तो आम्ल वायूंसाठी, दुसरीत धुळीसाठी. पिवळ्याचंही तसंच. अमेरिकन पिवळं कार्ट्रिज थिनरची वाफ अडवतं, युरोपीय पिवळं 'ई' त्या कामाचं नाही. म्हणून नुसता रंग बघून घेऊ नका, त्यावर छापलेली अक्षरं आणि मानकाचा क्रमांक वाचा.

आणखी एक. धुळीचा फिल्टर वाफ अडवत नाही आणि कोळशाचं कार्ट्रिज धूळ अडवत नाही. फवारणीत रंगाचे थेंबही असतात आणि थिनरची वाफही, म्हणून दोन्ही एकत्र लागतात.

शाईपेन

कार्ट्रिज कधी बदलायचं यावर एवढी चर्चा कशाला होते तेच कळत नाही. मास्कच्या आत वास यायला लागला की बदलायचं. आमच्याकडे सगळे असंच करतात.

रंधा

@वातकुक्कुट, फार उपयोगी भर.

@शाईपेन, तुमच्याकडे सगळे असं करत असतील तर कृपया हा प्रतिसाद त्यांनाही दाखवा.

वास येतो याचा अर्थ वाफ आत आलेली आहे. थिनरसारख्या काही द्रव्यांचा वास घातक पातळीच्या बराच आधी येतो, तिथे माणूस वेळेवर सावध होऊ शकतो. पण सगळी द्रव्यं अशी नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. टू-के (दोन भाग मिसळून वापरायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास कळेपर्यंत सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी नगण्य मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस तिथेच थांबतो. शिवाय सर्दी झालेली असताना नाकावर कसा भरवसा ठेवणार?

म्हणून वेळापत्रक ठरवायचं. अचूक वेळ काढण्यासाठी उत्पादकांची गणकयंत्रं असतात, त्यात द्रव्याचं नाव, हवेतलं प्रमाण, तापमान, आर्द्रता आणि श्रमाची पातळी भरायची. ढोबळ अंदाजासाठी ओशाने दिलेले ठोकताळे असे: द्रव्याचा उत्कलनबिंदू ७० अंश सेल्सियसच्या वर आणि हवेतलं प्रमाण २०० पीपीएमहून कमी असेल, तर सामान्य श्रमाच्या कामात साधारण ८ तास. श्रम दुप्पट झाले तर श्वासही दुप्पट, म्हणून आयुष्य निम्मं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली तरीही निम्मं, कारण पाण्याची वाफ कोळशातली जागा अडवून बसते. प्रमाण दहापट कमी झालं तर आयुष्य साधारण पाचपट वाढतं. हे नुसते ठोकताळे आहेत, त्यातून आलेल्या वेळेच्या अलीकडेच बदला.

मेघमल्हार

मी महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी तासभर वॉर्निश मारतो. मग ८ तासांचं कार्ट्रिज आठ महिने पुरेल का?

रंधा

@मेघमल्हार, नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. कोळसा वाफ नष्ट करत नाही, ती आपल्या बारीक छिद्रांत धरून ठेवतो. तुम्ही मास्क काढून ठेवला तरी धरलेली वाफ स्थिर राहत नाही. ती हळूहळू आतल्या बाजूला सरकते. पुढच्या वेळी तुम्ही तेच कार्ट्रिज लावून श्वास घेतला की सरकत आलेली वाफ थेट तुमच्या नाकात, हवा स्वच्छ असली तरीही. कमी उत्कलनबिंदूच्या द्रव्यांत हे फार होतं. म्हणून तर युरोपीय पद्धतीत ६५ अंशांच्या खाली उकळणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांसाठीची 'एएक्स' कार्ट्रिजं एकदाच वापरून टाकून द्यायची असतात. त्यात उघडं कार्ट्रिज कपाटात पडल्या पडल्या हवेतला ओलावा आणि घरातले इतर वास शोषत राहतं ते वेगळंच.

पाकीट फोडल्याची तारीख मार्करने कार्ट्रिजवरच लिहा. दोन वापरांच्या मध्ये ते मास्कवरून काढून हवाबंद डब्यात ठेवा, पण डब्यात ठेवलं म्हणून ते आठ महिने टिकेल असं समजू नका. उघडल्यावर किती दिवसांत टाकायचं हे उत्पादकाच्या पुस्तिकेत असतं, ते पाळा. पाकीट न फोडलेल्या कार्ट्रिजलाही मुदत असते, ती छापलेली असते.

धुळीच्या फिल्टरचं गणित निराळं. तो जसजसा भरतो तसा श्वास जड होतो, पण गाळण्याचं काम चालू राहतं. श्वास जड वाटला, फिल्टर ओला झाला, फाटला किंवा चेपला की बदला. तो आपटून, धुऊन किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायचा नाही. धागे विस्कटतात आणि अडकलेली धूळ तुमच्याच तोंडावर उडते.

कुमुदिनी

इथे खूप चांगलं लिहिलं जातंय, धन्यवाद. माझे प्रश्न धुण्याबद्दल आहेत. आम्ही दोघं भावंडं एकच मास्क आलटूनपालटून वापरतो. सॅनिटायझरने आतून पुसला तर पुरे ना?

वातकुक्कुट

@कुमुदिनी, मी तर अल्कोहोलच्या कापडानेच पुसतो. लगेच वाळतो, कटकट नाही.

रंधा

@कुमुदिनी, @वातकुक्कुट, इथे मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. पुढची पारदर्शक काच बहुतेक पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लास्टिक धक्क्याला मजबूत, पण सॉल्व्हंटला नाजूक. अॅसिटोन, थिनर याने तर ती लगेच धुरकटते. कडक जंतुनाशकं आणि सॉल्व्हंट वारंवार लावली की चौकटीत ताणलेल्या जागी केसासारखे तडे जातात, आणि तडे गेलेली काच पुढे कणाच्या फटक्याने फुटू शकते. उत्पादकाने ज्या पुसण्याला परवानगी दिली आहे तेवढंच वापरा. लॅनोलिन किंवा तेल असलेली पुसणी तर अजिबात नको, रबर खराब होतं. आणि पुसणं हे दोन वापरांमधलं तात्पुरतं काम आहे, ते धुण्याची जागा घेत नाही.

धुण्याची पद्धत: आधी कार्ट्रिजं काढून बाजूला ठेवा, त्यांना पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. आतला नाकाचा कप, व्हॉल्व्हची झाकणं, जमत असेल तर पट्टे, सगळं सुटं करा. कोमट पाणी घ्या, ४३ अंश सेल्सियसहून गरम नको, त्यात सौम्य साबण. मऊ ब्रशने कडेची खाच, कपाच्या दुमडी, व्हॉल्व्हची बैठक घासा. घाम आणि त्वचेचं तेल तिथेच साचतं. काचेला मात्र ब्रश नको, ती हाताने किंवा मऊ कापडाने धुवा, म्हणजे चरे पडणार नाहीत. स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या.

दोघं वापरत असाल तर प्रत्येक बदलाच्या आधी निर्जंतुक करायलाच हवा. एक लिटर कोमट पाण्यात १ मिलिलिटर साधं कपड्यांचं ब्लीच टाकलं की क्लोरिनचं प्रमाण साधारण ५० पीपीएम होतं. त्यात दोन मिनिटं बुडवायचं, जास्त ब्लीच टाकून काही फायदा नाही. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, अमोनिया किंवा आम्लाबरोबर त्यातून विषारी वायू निघतो. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळा. हे घाईत उरकू नका, कारण मागे राहिलेल्या रसायनाने चेहऱ्यावर पुरळ येतं, रबर कडक होतं आणि धातूचे भाग गंजतात. सावलीत, हवेशीर जागी वाळवा. हेअर ड्रायर, हीटर, ऊन यांपैकी काहीही नको. पूर्ण कोरडा झाल्यावर जोडा आणि सील तपासून मगच ठेवा.

पण तुम्हा दोघांच्या चेहऱ्यांना एकच माप बसतं का ते आधी पाहा. एकाच्या चेहऱ्यावर बसला म्हणून तो भावंडाच्याही चेहऱ्यावर बसेल असं नाही. तुमची फिट टेस्ट झाली आहे का?

कुमुदिनी

नाही झाली. हे फिट टेस्ट म्हणजे तळव्याने तपासण्यापेक्षा वेगळं आहे का?

रंधा

वेगळं आहे. तळव्याने तपासणं हे आज, आत्ता मास्क नीट घातला आहे की नाही हे बघण्यासाठी. फिट टेस्ट हे हा मास्क, हे माप, या चेहऱ्याला मुळात चालतं की नाही हे ठरवण्यासाठी. ती दोन प्रकारची असते. एकात मास्क घातलेल्या माणसाच्या भोवती चवीचं किंवा वासाचं द्रव्य सोडतात: सॅकरीनची गोड चव, बिट्रेक्सची कडू चव किंवा आयसोअमाइल अॅसिटेटचा केळ्यासारखा वास. माणूस मान फिरवतो, खाली-वर बघतो, वाकतो, मोठ्याने बोलतो. चव किंवा वास जाणवला तर नापास. दुसऱ्या प्रकारात यंत्र आतल्या आणि बाहेरच्या हवेतले कण मोजून आकडा देतं. फुल-फेसचा ५० हा गुणांक धरायचा तर ओशाच्या नियमात यंत्राचीच चाचणी लागते आणि आकडा निदान ५०० यावा लागतो. दरवर्षी करायची, आणि मध्येच वजनात मोठा फरक पडला, दात काढले, कवळी बसवली, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा.

घरगुती कामासाठी अशी चाचणी करून घेणं अवघड जातं, याची मला जाणीव आहे. सुरक्षा साहित्याचे मोठे विक्रेते आणि औद्योगिक आरोग्याचं काम करणारे लोक ती करून देतात, विचारून पाहा. पण तुम्ही दोघांनी दोन मास्क घ्यावेत असंच मी सुचवेन.

वातकुक्कुट

@रंधा, काचेबद्दलचं पटलं. माझ्या जुन्या मास्कच्या काचेला खालच्या कोपऱ्यात तशाच बारीक रेषा आहेत. काच बदलून घेतो.

मेघमल्हार

कार्ट्रिजचं नीट समजलं. काचेवर धुकं येण्यावर काही उपाय? पाऊण तासात समोरचं दिसेनासं होतं.

रंधा

@मेघमल्हार, आतला नाकाचा कप काढून ठेवलाय का? श्वासाला मोकळं वाटावं म्हणून बरेच जण तो काढतात. तो परत लावा. आत येणारी कोरडी हवा आधी काचेवरून फिरते, मग कपाच्या बाजूच्या छोट्या व्हॉल्व्हमधून नाकाकडे जाते, आणि उच्छ्वास कपातूनच सरळ बाहेर पडतो. कप नसला की दमट उच्छ्वास काचेवर जातो. त्याहून वाईट म्हणजे सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मास्कच्या मोकळ्या पोकळीत साचतो आणि तोच पुन्हा ओढला जातो, डोकं जड होतं. कप जागेवर असूनही धुकं येत असेल तर ते छोटे व्हॉल्व्ह उलटे बसलेत, चिकटलेत किंवा हरवलेत का ते बघा.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हबद्दल सांगतो. अख्ख्या मास्कमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. झाकण उघडलं की आत पातळ रबराची चकती दिसते. ती सपाट बसलेली हवी. काठ वळलेला असेल, भुसा किंवा केस खाली अडकला असेल, वाळलेला रंग लागला असेल, तर प्रत्येक श्वासाला तिथून बाहेरची हवा आत येते आणि घालणाऱ्याला काहीही कळत नाही. तळव्याच्या चाचणीत मास्क गळत असेल आणि कडेला कुठेच काही सापडत नसेल तर आधी इथे बघा. ही चकती सुटी मिळते, एक-दोन जास्तीच्या जवळ ठेवा. दुसऱ्या कंपनीचे भाग लावू नका, बसल्यासारखे वाटले तरी.

शाईपेन

वासाबद्दलचं आमच्या इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. आता दुसरा प्रश्न. जुन्या लष्करी मास्कचं काय? ४० मिमी आट्यांचे फिल्टर त्याला बसतात म्हणे, आणि रबर जाड, दणकट असतं.

वातकुक्कुट

नको, नको. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये अॅस्बेस्टॉस होतं.

रंधा

@वातकुक्कुट बरोबर सांगतायत, त्या काळात नागरिकांना वाटलेल्या मास्कच्या फिल्टरमध्येही अॅस्बेस्टॉस असे. ब्रिटनमध्ये आजही संग्रहालयांना आणि शाळांना ते मास्क तोंडाला लावू नका असं बजावलं जातं. इतर देशांच्या जुन्या फिल्टरबद्दलही तेवढीच सावधगिरी बाळगा.

४० मिमी आटे ईएन १४८-१ या मानकाचे असल्यामुळे नवा फिल्टर जुन्या मास्कला फिरवून बसतो खरा. पण पंचवीस-तीस वर्षांचं रबर दणकट दिसलं तरी ताठर झालेलं असतं, व्हॉल्व्हच्या चकत्या वाकलेल्या असतात, सुटे भाग मिळत नाहीत आणि तो मास्क कुठल्याही आजच्या मानकाने तपासलेला नसतो. संग्रहात ठेवा, कामाला नको. पोहण्याचा फुल-फेस मास्कही कामाला नको.

चंद्रकोर

मी नुसती वाचत होते, आता विचारतेच. जुन्या घराच्या खिडक्यांचा रंग खरवडायचा आहे, त्यात शिसं असण्याची शक्यता आहे. वडील म्हणतात मी करतो. त्यांना सौम्य दमा आहे. घरात लहान मूलही आहे.

रंधा

@चंद्रकोर, विचारलंत ते फार बरं केलंत.

वडिलांनी आधी डॉक्टरांना भेटावं, मास्क दाखवून विचारावं. या मास्कमधून श्वास घेताना छातीवर जास्तीचा ताण येतो. दमा, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, बंदिस्तपणाची भीती अशा गोष्टींत तो ताण त्रासदायक ठरू शकतो. कारखान्यांतसुद्धा वैद्यकीय तपासणी आधी आणि फिट टेस्ट नंतर असाच क्रम असतो. डॉक्टर नको म्हणाले तर काम दुसऱ्याने करावं, त्यात काहीही कमीपणा नाही.

मग धूळच कमी उडेल असं बघा. कोरडं घासू नका, पाणी फवारून ओलं खरवडा. हीट गन फार तापवली तर शिशाची वाफ होते, म्हणून ती टाळा. खोलीतलं सगळं हलवा, जमिनीवर प्लास्टिक अंथरा, दाराला पडदा लावा. फिल्टर पी१०० किंवा पी३ हवा. मूल त्या दिवसांत दुसरीकडे राहू शकलं तर उत्तम.

काम चालू असताना चक्कर, मळमळ, जड श्वास, तोंडात विचित्र चव यांपैकी काहीही जाणवलं तर आधी खोलीबाहेर यायचं आणि मग मास्क काढायचा. धुळीतच उचलून बघायचं नाही.

चंद्रकोर

डॉक्टरांची वेळ घेतली. आणि काम संपल्यावर मास्क काढताना काही काळजी?

रंधा

हो, शिशाच्या कामात ती फार लागते, कारण धूळ तुमच्या अंगावरून घरभर जाते. खरवडणं संपलं की मास्क चेहऱ्यावर असतानाच आधी अंगावरचा कामाचा झगा आणि मास्कचा बाहेरचा भाग ओल्या कापडाने पुसा. झगा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवा आणि पिशवीत बांधा. हातमोजे काढून हात धुवा. मग डोळे मिटा, पुढे वाका, मागचे पट्टे सैल करून मास्क मागून पुढे काढा, म्हणजे वर साचलेली धूळ खाली पडेल, चेहऱ्यावर नाही. फिल्टरची तोंडं चिकटपट्टीने बंद करून ते मुलाच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. कचऱ्यात टाकायचे असतील तर बंद पिशवीत. मास्क त्याच दिवशी धुवा. पुन्हा हात, तोंड आणि केस धुतल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, मुलाला उचलायचं नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

वाळलेला मास्क झाकणाच्या डब्यात सुटा, घडी न पडता ठेवा, वर काही रचू नका. पट्ट्याने खिळ्याला टांगला तर पट्टे ढिले होतात आणि आत धूळ बसते. दुसऱ्या दिवशी खरवडायला जाण्याआधी चकती, कड, काच आणि पट्टे उजेडात एकदा बघा आणि तळव्याची चाचणी वडिलांच्या चेहऱ्यावर तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहून करून घ्या.